मागे घेतलेला अर्ज

"माझी फाईल बंद कोणी केली?"

शुक्रवारी सकाळी साडेआठला कार्यालयाचं दार उघडलं, तेव्हा शॅनटेल बुशार बाहेरच्या पायरीवर उभीच होती. कडेवर एक वर्षाचा लूका. त्याच्या अंगातला बर्फाचा जांभळा सूट दोन मापं मोठा होता, बाह्यांची टोकं रिकामी लोंबत होती. मार्च संपत आला होता, तरी बर्च नॅरोजमध्ये रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग अजून माणसाच्या छातीला लागत होते.

हिल्का नुर्मीने अजून कोटही काढला नव्हता. जिल्हा कार्यालयात पाळणाघराच्या अनुदानाचे अर्ज तपासण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. रजेवरून कामावर परतणारी आई, नवी नोकरी धरणारा बाप, त्यांचे पगाराचे कागद, मालकाचं पत्र, कामाचे तास. सगळं जुळलं की ती मंजुरीचं पत्र काढायची.

"तूच केलीस," हिल्का म्हणाली. "मंगळवारी तुझा फॅक्स आला. अर्ज मागे घेतेस म्हणून."

"मी काहीही पाठवलेलं नाही."

"आधी बस."

"बसायला वेळ नाही हो, मिसेस नुर्मी. काल पाळणाघरातून ग्वेनचा फोन आला. म्हणाली, अनुदानाचं पत्र नाही आलं, मी आज चारपर्यंतच जागा धरते. मी म्हटलं, येईल. मग रात्री तुमच्या पोर्टलवर पाहिलं. 'अर्जदाराच्या विनंतीवरून बंद.' रात्रभर डोळा लागला नाही."

हिल्काने तिला आत घेतलं आणि कपाटातून फाईल काढली. फॅक्स सगळ्यात वर होता. टाइप केलेल्या तीन ओळी.

'लूका बुशार याच्या देखभालीची गरज संपुष्टात आली आहे. कुटुंबातच सोय झाली आहे. कृपया अर्ज बंद करावा.'

खाली फाईलचा बिनचूक क्रमांक, शॅनटेलचं नाव आणि पेनाचा एक वेडावाकडा फराटा.

"ही माझी सही नाही."

"फॅक्सवर सगळ्यांच्याच सह्या अशा दिसतात," हिल्का म्हणाली. "मी तुला दोनदा फोन केला होता. व्हॉइसमेल भरलेला होता."

"भरलेलाच असणार. तेवीस बायकांना विचारलंय मी, माझं पोर सांभाळाल का. सगळ्यांचं 'जमणार नाही' त्यात साठलंय."

तिसऱ्यांदा फोन करायला हवा होता. मंगळवारी टेबलावर एकसष्ट फाईली होत्या, आणि तिने तिसऱ्यांदा फोन केला नव्हता.

स्थिती साधी होती. सोमवारी सकाळी सात वाजता शॅनटेल सॉ मिलमध्ये ट्रकांच्या वजनकाट्यावर हजर झाली नाही, तर रजा संपली आणि नोकरीही. गावात तान्ह्या मुलांना घेणारं पाळणाघर एकच, त्यात दहाच पाळणे. पुढचं पाळणाघर एकशे चाळीस किलोमीटरवर. लूकाचा बाप सहा महिन्यांपूर्वी पश्चिमेला तेलाच्या कामावर गेला, तो तिकडचाच झाला. आणि अर्जदाराने स्वतः मागे घेतलेली फाईल पुन्हा उघडता येत नाही, असा नियम होता. नवा अर्ज म्हणजे कामकाजाचे दहा दिवस.

"तू नाही, तर कोणी पाठवलं असेल?"

"पोलिन," शॅनटेल लगेच म्हणाली. "लूकाची आजी. डेरेकची आई. 'कुटुंबातच सोय.' दुसरं कोण असं लिहील? तिला मी कामावर गेलेली नकोच आहे. म्हणते, पोराला माझ्याकडे टाक आणि तू जा कुठे जायचं तिथे. एकदा तिच्याकडे दिला की परत मिळायचा नाही तो मला."

"फाईलचा क्रमांक तिला कसा कळला?"

"काय माहीत. फ्रिजवर लावलेत माझे सगळे कागद. येते तेव्हा वाचत असेल उभी राहून."

"आणखी कोणाच्या हाती कागद गेले होते?"

"मालकाच्या पत्राचा फॉर्म तेवढा मिलमध्ये दिला होता. आमच्या साहेबाच्या, रॉसच्या ट्रेमध्ये ठेवला, काट्याच्या खोलीत. तीन दिवस पडून होता तिथे. शेवटी टॅमीने मागे लागून सही घेतली त्याची. ती बिचारी होती म्हणून."

"टॅमी ओस्त्रोव्स्की?"

"हो. वर्षभर माझ्या जागेवर तीच आहे. मीच शिकवलं तिला. हा सूट तिच्या मुलीचाच, मीयाचा." शॅनटेलने लूकाची रिकामी बाही आत दुमडली. "मिसेस नुर्मी, खरं सांगा. चारच्या आत होईल का?"

"माहीत नाही," हिल्का म्हणाली. "फोन चालू ठेव. आणि तो व्हॉइसमेल रिकामा कर."

*

वरिष्ठ अधिकारी विवियन प्रॅट हिने फॅक्स वाचला आणि चष्मा काढला.

"तिनेच पाठवला आणि मग मन बदललं, असं नाही कशावरून? गेल्या महिन्यात दोघांनी तेच केलं."

"तिचा चेहरा पाहिलास का?"

"चेहऱ्यावरून फाईल उघडली, तर उद्या बाहेर रांग लागेल चेहऱ्यांची. दुसऱ्या कोणी पाठवला हे कागदावर दाखव. मी त्याच मिनिटाला सही करते."

"चारच्या आत?"

"मी कुठे पळून चाललेय?"

हिल्का टेबलाशी परतली. तिने थर्मासमधली कॉफी ओतली आणि फॅक्स उलटासुलटा पाहिला. कागदाच्या वरच्या कडेला पाठवणाऱ्या यंत्राने आपली तारीख आणि वेळ छापलेली असते. खालच्या कडेला घेणारं यंत्र आपली छापतं.

वर: मंगळवार, ०६:५१. पाठवणाऱ्याच्या नंबराची जागा कोरी.

खाली: मंगळवार, ०७:५२.

कागदाला तारेतून यायला एक मिनिट लागतं. एक तास नाही.

पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी, दर मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी करतात तशी, सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केली होती; ती नोव्हेंबरात पुन्हा मागे येतात. म्हणजे ज्या यंत्राने हा कागद पाठवला, त्याचं घड्याळ अजून हिवाळ्यातच होतं. कोणीतरी ते बदलायला विसरलं होतं.

गावात फॅक्स अजून जिवंत होता, कारण हे कार्यालय सहीचा कागद ई-मेलवर घेत नसे. हिल्काने यंत्रांची यादी केली. औषधांचं दुकान, चर्चचं ऑफिस, पाळणाघर, सॉ मिलचं मुख्य ऑफिस. वाचनालयातही एक होतं, पण मंगळवारी वाचनालय दहाला उघडतं. ते तिने खोडलं.

मग चारही ठिकाणी फोन करून तिने एकच मागणी केली. मला एक कोरा कागद फॅक्स करा.

"कोरा?" औषधवाल्याने विचारलं. "त्याचे पैसे कोणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या."

"बाई, कोरा कागद तुमच्याकडे नाही का?"

चर्चच्या ऑफिसात फोन पोलिन रीमेनेच उचलला. ती तिथे आठवड्यातून तीन दिवस कारकुनी करायची.

"मंगळवारी सकाळी पावणेआठला तुम्ही कुठे होतात?" हिल्काने विचारलं.

"इथेच. का?"

"शॅनटेलचा अर्ज कोणीतरी तिच्या नावाने मागे घेतलाय."

"आणि तुम्हाला वाटतं मी घेतला."

"शॅनटेलला वाटतं."

"तिला मी चेटकीणच वाटते. ऐका, नुर्मीबाई. ते पोर परक्या बायकांच्या हातात वाढावं हे मला पटत नाही, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय, रविवारी प्रार्थना झाल्यावर, पाद्र्यांसमोर. मला तिचा अर्ज हाणून पाडायचा असता, तर मी स्वतः येऊन तुमच्या टेबलावर हात आपटला असता. चोरून चिठ्ठ्या पाठवायची सवय मला नाही."

"तुमच्याकडे त्याला ठेवायची सोय झाली होती का?"

"कसली सोय? माझे गुडघे बघा आधी. एक वर्षाचं पोर पळायला लागलं की मी त्याच्यामागे लोळत जाऊ? बोलायला बोलते मी. कोरा कागद पाठवते. पण आमचं मशीन कधीपासून दोन हजार तीन सालात अडकलंय. कोणाला दुरुस्त करता येत नाही."

अकरा वाजेपर्यंत चारही कागद आले. औषधवाल्याचं घड्याळ बरोबर. पाळणाघराचं बरोबर. मिलच्या मुख्य ऑफिसचं मिनिटाला मिनिट बरोबर. चर्चच्या कागदावर चौदा जून, दोन हजार तीन.

एक तास मागे असलेलं यंत्र एकही नव्हतं.

*

साडेबाराला ग्वेनचा फोन आला. ती पाळणाघराची संचालिका. मागे कोणीतरी एकसुरी रडत होतं.

"हिल्का, मला पत्र दे नाहीतर नाही म्हण. यादीत एकोणीस नावं आहेत. पुढची आई सोमवारपासून दवाखान्यात कामाला लागतेय. तिलाही सोमवारच आहे."

"चारपर्यंत थांब."

"चारपर्यंत थांबणारच आहे, शब्द दिलाय. चार वाजून एक मिनिटाने तिला फोन करणार, तोही शब्द दिलाय."

हिल्काने डब्यातला वेलदोड्याचा पाव काढला आणि तसाच ठेवला. हात रिकामे राहू नयेत म्हणून तिने ट्रेमधला वरचा कागद ओढला. सहामाही फेरतपासणीचा फॉर्म. ज्यांना अनुदान चालू आहे, त्या पालकांना तो दर सहा महिन्यांनी टपालाने जातो. एका बापाने शेवटच्या चौकटीत खूण केली होती. मुलगी शाळेत जाऊ लागली होती. हिल्काने तारीख टाकली, शिक्का मारला आणि कागद बाजूला ठेवला.

मग तिने शॅनटेलची फाईल पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली. जसा नवा अर्ज वाचते, तसा. ओळीवर बोट ठेवून.

मालकाचं पत्र, सही रॉस मॅकलीन: कामाचे तास सहा ते दोन.

आईने मागितलेले तास: सात ते तीन, शिवाय जाण्यायेण्याचे.

समासात हिल्काचंच पेन्सिलीतलं अक्षर होतं. 'मालकाच्या पत्रात चूक. केंद्र साडेसहाला उघडते, सहाची पाळी शक्य नाही. आईचे तास ग्राह्य.'

महिनाभरापूर्वी तिने ही विसंगती पाहिली होती आणि स्वतःच मिटवून टाकली होती.

एक तासाची विसंगती.

तिने फोन उचलला. शॅनटेलने पहिल्याच घंटीला घेतला.

"तुझी पाळी किती वाजता सुरू होते?"

"सातला. काट्यावर सहाला."

"म्हणजे?"

"म्हणजे घड्याळं पुढे केल्यापासून गावात सात, काट्याच्या घड्याळात सहा. काट्याचं घड्याळ आम्ही हलवत नाही ना. नोव्हेंबरात घड्याळ मागे घेतात त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. दोन ट्रकांच्या पावत्यांवर एकच वेळ पडते. एका वर्षी त्यावरून मारामारी झाली, पहिला कोण म्हणून. तेव्हापासून तिथे बारा महिने हिवाळा. ड्रायव्हर म्हणतात, काट्यावर गेलं की माणूस तासाने तरुण होतो." तिचा आवाज एकदम बदलला. "का हो?"

"काट्याच्या खोलीत फॅक्स आहे?"

"आहे. रोजची यादी वनखात्याला जाते त्यावरून. काट्याच्याच कॉम्प्युटरला जोडलाय, वेळ तिथूनच घेतो."

"त्या खोलीत तू शेवटची कधी गेलीस?"

"फॉर्म द्यायला, फेब्रुवारीत. तेही रॉसने आत सोडलं म्हणून. फाटकाचं कार्ड मी वर्षापूर्वीच जमा केलंय. मिसेस नुर्मी, कोण आहे?"

"अजून माहीत नाही," हिल्का म्हणाली. ते खरं नव्हतं. रॉस किंवा टॅमी, इतपत तिला माहीत होतं. फोन ठेवून तिने कोट घातला, फॅक्सचा कागद बॅगेत टाकला, आणि निघता निघता ट्रेपाशी थांबली.

मघाचा फेरतपासणीचा फॉर्म वरच होता. तिने त्याची शेवटची चौकट वाचली. मग बॅगेतला फॅक्स काढून वाचला.

दोन्हीकडे शब्द तेच होते. ती ते महिन्यातून तीस वेळा वाचायची, म्हणून तिच्या डोळ्यांना खुपले नव्हते.

*

सॉ मिल गावापासून बारा किलोमीटरवर होती. काट्याची खोली म्हणजे फाटकाशी असलेली पत्र्याची टपरी, एका बाजूला मोठी काच. काचेबाहेर ओंडक्यांनी लादलेला ट्रक काट्यावर उभा होता.

टॅमी ओस्त्रोव्स्की एकटीच होती. तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. हिल्काला पाहून ती उठली.

"मिसेस नुर्मी? माझ्या फाईलचं काही राहिलं का?"

"तुझ्या नाही. रॉसला बोलव, त्याच्यासमोर बोलू."

रेडिओवरून ड्रायव्हरचा आवाज आला. "टॅमी, झोपलीस का गं? ओंडक्यांना पालवी फुटायला लागली इथे."

टॅमीने पावती फाडून खिडकीतून दिली. तिचा हात स्थिर होता. रॉस मॅकलीन पाच मिनिटांत आला, बुटांवरचा चिखल दारात झाडत.

"काय गं हिल्का, आता अर्ज गोळा करायला घरोघरी फिरतेस?"

"रॉस, शॅनटेलचा फॉर्म तुझ्या ट्रेमध्ये किती दिवस होता?"

"दोन-तीन. मी विसरलो होतो. टॅमीने आठवण केली."

"मंगळवारी सकाळी पावणेआठला तू कुठे होतास?"

"घरून निघत होतो. मी आठला येतो."

"म्हणजे इथे कोण होतं?"

रॉसने टॅमीकडे पाहिलं. "हीच. सातपासून एकटीच असते."

"टॅमी, मंगळवारी इथून आमच्या कार्यालयाला काही फॅक्स केलास?"

"नाही."

"सोमवारी शॅनटेल आली की तुझं काय होणार?"

"करार आज संपतो. ते सगळ्यांना माहीत आहे."

"आणि ती नाही आली तर?"

टॅमीने पावत्यांची वही सरळ केली. रॉस मध्येच बोलला. "तर जागा रिकामी धरून हिलाच कायम केलं असतं. मीच म्हटलं होतं तसं. गमतीत म्हटलं होतं."

"या यंत्रात मागच्या फॅक्सची नोंद राहते का?" हिल्काने विचारलं.

"शेवटच्या पन्नासांची."

"छाप."

यंत्र गुरगुरलं. तिघंही कागद बाहेर येताना बघत होते. रॉसने तो उचलला, बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबवलं. मंगळवार, ०६:५१. एक पान. पुढचा नंबर जिल्हा कार्यालयाचा.

"हे मी पाठवलं असं कुठे लिहिलंय?" टॅमी म्हणाली. "शॅनटेललाही हे मशीन चालवता येतं. तिचंच होतं ते."

"बरोबर आहे. म्हणून मी सगळं सांगते, चुकलं तर थांबव मला." हिल्का खुर्चीवर बसली. "आमच्याकडे आलेल्या कागदावर वरची वेळ एक तास मागे होती. मला वाटलं, कोणीतरी घड्याळ बदलायला विसरलंय. मी गावभर विसराळू यंत्र शोधत बसले. ते सापडेना, कारण हे घड्याळ कोणी विसरलेलं नाही. ते मुद्दाम मागे ठेवलंय. रॉसने पत्रात पाळीचे तास याच घड्याळाने लिहिले होते, आणि मी ती चूक समजले. तिथेच अर्धा दिवस गेला माझा.

"म्हणजे कागद या खोलीतून निघाला. शॅनटेलकडे फाटकाचं कार्ड नाही, ती मंगळवारी इथे येऊच शकत नव्हती. पोलिन इथे कधी आलीच नाही. फाईलचा क्रमांक मालकाच्या फॉर्मवर छापलेला असतो, आणि तो फॉर्म तीन दिवस त्या ट्रेमध्ये होता. पाहिला असेल तर तू किंवा रॉसने."

"मी तर वाचलाही नाही धड," रॉस म्हणाला.

"ते तुझ्या पत्रावरून कळतंच." हिल्काने फॅक्स टेबलावर ठेवला. "आता ही पहिली ओळ. 'देखभालीची गरज संपुष्टात आली आहे.' असं कोण बोलतं? नव्या अर्जात हे शब्द कुठेही नाहीत. शॅनटेलने ते कधी पाहिलेच नाहीत. रॉसनेही नाही. हे शब्द फक्त आमच्या सहामाही फॉर्मच्या शेवटच्या चौकटीत आहेत, आणि तो फॉर्म ज्याला अनुदान चालू आहे त्यालाच जातो. तुला गेल्या वर्षभरात दोनदा आला. दोन्ही वेळा ती चौकट तू कोरी सोडलीस. पत्र सरकारी वाटावं म्हणून तू आमचेच शब्द घेतलेस, टॅमी. या खोलीत येणाऱ्यांपैकी ते शब्द तुलाच माहीत आहेत."

बाहेर ट्रकने भोंगा वाजवला. कोणी उठलं नाही.

"तीस दिवस," टॅमी शेवटी म्हणाली. "काम सुटलं की तीस दिवसांनी तुमचं अनुदान बंद. या गावात तीस दिवसांत कोण काम देतं मला? आणि अनुदान गेलं की मीयाची जागा गेली. जागा नाही म्हणजे काम शोधायलाही जाता येत नाही. मी रोज रात्री हाच हिशोब करत होते. कुठूनही धरला तरी तिथेच येतो."

"मला फोन करायचास."

"तुम्ही काय केलं असतं?"

हिल्काने विचार केला. "तीसच दिवस सांगितले असते," ती म्हणाली.

"मग."

"शॅनटेलचं पोर कुठे राहील असं वाटलं तुला?"

"आजीकडे, असं मी स्वतःला सांगत होते." टॅमीने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "ते खरं नव्हतं. खरं असतं तर ती तिथे ठेवून कामावर आलीच असती. मग पत्र पाठवून उपयोग काय झाला असता? ती कुठेच ठेवू शकणार नाही, हे मला माहीत होतं. त्यावरच सगळं होतं."

रॉस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"दोन वाजून वीस मिनिटं झाली," हिल्का म्हणाली. "गावच्या घड्याळाने. यंत्राची नोंद मी नेते, रॉसचं म्हणणं नेते. विवियन त्यावर सही करेल किंवा म्हणेल, सोमवारी बघू. सोमवारी बघून शॅनटेलला काही मिळत नाही. तू स्वतः लिहून दिलंस, तर आजच होतं."

"आणि मी लिहून दिलं तर माझं काय?"

"खोटा कागद दाखल केल्याबद्दल एक वर्ष अनुदान बंद."

"तीस दिवससुद्धा नाहीत."

"नाहीत."

"थोडं खोटं बोलायचं होतंत," टॅमी म्हणाली. "निदान सही होईपर्यंत."

हिल्काने एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. टॅमीने बराच वेळ समोरच्या कागदाकडे पाहिलं.

"पहिल्या आठवड्यात मी एका ट्रकचं वजन दुसऱ्याच्या नावावर टाकलं होतं," ती म्हणाली. "शॅनटेलने रॉसला सांगितलं, चूक तिची. मला एका शब्दाने बोलली नाही. आठ महिन्यांची गरोदर होती तेव्हा." तिने पेन उचललं. "काय लिहू?"

"जे झालं ते. कोणत्या दिवशी, कुठून, कोणाच्या नावाने. आमचे शब्द वापरू नकोस. तुझे वापर."

*

तीन वाजून वीस मिनिटांनी विवियनने कबुलीजबाब दोनदा वाचला, यंत्राच्या नोंदीवर पेन्सिलीने गोल केला आणि फाईल पुन्हा उघडायच्या आदेशावर सही केली. साडेतीनला हिल्काने मंजुरीचं पत्र काढलं. ते पोचल्याचा ग्वेनचा फोन तीन एकेचाळीसला आला.

"दवाखान्यातल्या बाईला नाही म्हणून मी सांगते," ग्वेन म्हणाली. "तुला ऐकायचं नसेल ते."

शॅनटेल कार्यालयातल्या बाकावर बसली होती, लूका तिच्या मांडीवर झोपलेला. हिल्काने तिच्या हातात मंजुरीचं पत्र दिलं. ती ते वाचत राहिली, संपल्यावरही. मग तिने नुसतं कपाळ लूकाच्या डोक्याला टेकवलं. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. पोर जागं होऊ नये म्हणून असेल.

"दुसराही एक कागद आहे," हिल्का म्हणाली. "तुझ्या फाईलमधला, म्हणून वाचायचा तुला हक्क आहे. सक्ती नाही."

शॅनटेलने वाचला. एकदाच.

"ही मला दर रविवारी फोन करायची. 'ये लवकर, काट्यावर तुझ्याशिवाय मजा नाही' म्हणायची." तिने कागद परत केला. "तिच्या मुलीचं काय होणार?"

"ते मला तुला सांगता येत नाही."

"म्हणजे वाईट होणार."

हिल्काने कागद फाईलमध्ये परत लावला.

"माझ्याकडून दयेची अपेक्षा करू नका," शॅनटेल म्हणाली. "आज मला नाही जमणार." तिने झोपलेल्या पोराला खांद्यावर घेतलं, पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गेली.

कार्यालय साडेचारला बंद होतं. विवियन दारात आली.

"ओस्त्रोव्स्कीची नोटीस दुसऱ्या कोणाला देऊ का लिहायला?"

"फाईल माझी आहे," हिल्का म्हणाली.

तिने फॉर्म उघडला. बावीस वर्षांत तिने असे किती भरले होते, ते तिने कधी मोजलं नव्हतं. अनुदान थांबवण्याच्या नोटिशीत पालकाचं नाव दुसऱ्या पानावर येतं, कारण खाली, सहीच्या वर. पहिल्या पानावरचा पहिला रकाना मुलाच्या नावाचा असतो.

तिने तिथे लिहिलं: मीया ओस्त्रोव्स्की, वय वर्षे अडीच.